पाचवा शब्द

टॅवीनं चेंडू सोडलाच नाही.

मी त्याच्या पाठीमागं हात पुढं करून उभा होतो. सगळं स्टेडियम गप्प होतं. तिकडं अमेरिकेत आपल्या संघाकडं चेंडू असला की प्रेक्षक गप्प बसतात, म्हणजे क्वार्टरबॅकची हाक त्याच्या गड्यांना ऐकू जावी. तो क्वार्टरबॅक मी होतो. हाक मी दिली होती, आणि हाकेच्या शेवटच्या शब्दाला चेंडू माझ्या हातात पडायला हवा होता.

"टॅवी! सोड की लेका!"

तो तसाच ओणवा. एवढा अवाढव्य गडी, पण डोकं खाली घालून स्वतःच्या दोन पायांमधून माझ्याकडं उलटा बघत होता, आणि त्याच्या नजरेत भीती होती. मग शिट्टी झाली. चेंडू सोडायला ठरलेला वेळ संपला म्हणून आम्हाला दंड, पाच यार्ड मागं. टॅवी सरळ झाला, चेंडू पंचाकडं दिला आणि माझ्याकडं चालत आला. त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती: ह्याला इथंच, सगळ्यांदेखत, एक ठेवून द्यावी.

ह्याला आता पंचवीस वर्षं झाली. पण सांगायचं तर नीट सांगतो.

मी दानियल रणभिसे, मूळचा मिरजेचा. आई मार्था, नर्स. मी अकरा वर्षांचा असताना तिला टेक्सासातल्या एका इस्पितळात नोकरी लागली आणि आम्ही अमेरिकेत गेलो. बाबा तिथंच दोन-तीन वर्षांत वारले. नव्या शाळेत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. एक दिवस मैदानाबाहेर आलेला चेंडू मी परत फेकला, तो कोचच्या डोक्यावरून पार पलीकडच्या टोकाला जाऊन पडला. मिरजेत चिंचा पाडून पाडून हात तयार झालेला, दुसरं काय! तिथून पुढं मी अमेरिकन फुटबॉलचाच झालो. त्याला फुटबॉल का म्हणतात देव जाणे, पाय फारसा लागतच नाही. क्वार्टरबॅकचं काम सांगायला सोपं आहे. सेंटर नावाचा गडी खाली वाकून दोन पायांमधून चेंडू मागं देतो, तो घ्यायचा आणि समोरचे आडदांड बाप्ये अंगावर पडायच्या आत आपल्या माणसाकडं फेकायचा.

धंदेवाईक खेळाडू झालो खरा, पण सात वर्षं बाकावर बसलो. तीन शहरं, तीन संघ, सगळीकडं राखीव. गार वाऱ्यात टोपी घालून उभं राहायचं आणि पहिला क्वार्टरबॅक धडधाकट आहे म्हणून तोंडदेखला आनंद मानायचा. मी जिथं जाईन तिथल्या इस्पितळात आई नोकरी धरायची. "नर्सला काय, कुठंबी काम मिळतंय," म्हणायची, आणि कुकर, पोळपाट-लाटणं, बायबल गाडीत टाकून यायची.

त्या वर्षी डिसेंबरात आमच्या पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा मोडला. कोच डोनोव्हननं मला खोलीत बोलावलं. (हे सगळे इंग्रजी बोलायचे. मी मराठी करून सांगतोय, शिव्या गाळून.)

"रविवारचा सामना जिंकून दे," तो म्हणाला. "मग पुढच्या शनिवारच्या बाद फेरीत तूच. आणि पुढच्या वर्षी पहिला क्वार्टरबॅकही तूच."

"आणि हरलो तर?"

त्यानं खांदे उडवले. मी तिशीला आलो होतो. ह्यानंतर मला कुत्रंही विचारणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

अडचण एकच होती. समोरच्या संघात ग्रेडी नावाचा एक दांडगा होता, आदल्या वर्षीपर्यंत आमच्याच संघातला. आमच्या हाका त्याला तोंडपाठ. चेंडू कोणत्या शब्दाला सुटणार हे त्याला आधीच कळलं, तर तो माझी चटणी करणार.

गुरुवारी संध्याकाळी टॅवी आमच्याकडं जेवायला आला होता. टॅवी म्हणजे आमचा सेंटर, तविता लिओटा, सामोआ बेटावरचा. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली होती. "तविता? अरं, हे तर आपल्या सविता-कविताच्या वळणाचं!" तो तिला 'आई' म्हणायचा. तिचं नावच आई आहे असं त्याला वर्षभर वाटत होतं. दोघंही कट्टर देवभोळी. जेवणाआधी ती मराठीत प्रार्थना करायची, तो सामोअन भाषेत, आणि मी मटणाच्या पातेल्याकडं बघत बसायचो.

"काल एक म्हातारा आलाय वॉर्डात," आई वाढता वाढता म्हणाली. ती डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात होती. "जिन्यावरनं पडलाय. पन्नास वर्षं इंग्रजी बोलणारा माणूस, आता एक शब्द इंग्रजी नाही. लहानपणीच्या पोलिश भाषेत नुसता बडबडतोय."

"आई, जेवताना नको ना."

"बरं, नाही सांगत. रस्सा घे."

मी टॅवीला ग्रेडीची भानगड सांगत होतो. आकडे, रंग, प्राण्यांची नावं, सगळं त्याला माहीत. इतक्यात आई म्हणाली, "मग मराठीत हाक दे की. त्याचा बाप येणार हाय का कळून घ्यायला?"

मी घास हातात धरून तिच्याकडं बघतच राहिलो. एकदम मिरज डोळ्यांपुढं आलं. शाळेमागचा बोळ. आम्ही पोरं रेघ मारून शर्यतीला उभी राहायचो आणि एक जण ओरडायचा, "एक, दोन, साडेमाडेऽऽ तीन!" त्या साडेमाडेला काही अर्थ नाही. उतावळ्यांना फसवायला ते मधे घालायचं. ज्याला दम निघत नाही तो आधीच सुटतो आणि कान धरून परत रेघेवर येतो.

"टॅवी," मी म्हटलं, "म्हण, साडेमाडे."

"साऽरेमारे."

"ड म्हण, ड. डोक्यातला ड."

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याला जमलं. नियम ठरला. मी नुसतं "एक, दोन, तीन" म्हणालो तर कोणी मुंगीएवढंही हलायचं नाही. ती समोरच्यांना फसवायची हाक. "साडेमाडे" आलं, की मग येईल त्या "तीन"ला चेंडू सुटणार. चारच शब्द. टॅवीनं ते पुढच्या फळीतल्या बाकीच्या चौघांना शिकवायचे.

मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. परत येताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, आई टॅवीपुढं उभी होती. तिनं चार बोटं वर केली. मग अंगठा उघडला आणि तो हलवून हलवून काहीतरी बजावून सांगितलं. टॅवीनं छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. मला वाटलं, आकडे पक्के करून घेतेय. पोराला शाळेत घातल्यासारखं चाललं होतं, म्हणून मला हसू आलं.

रविवारी थंडी अशी, की मैदान फरशीसारखं टणक झालं होतं. पहिल्या पाच मिनिटांतच मी हाक दिली, "एक! दोन! तीन!" आणि ग्रेडी सुटला की बैलासारखा! आमचा एकही गडी हलला नाही. ग्रेडी एकटाच आमच्या बाजूला येऊन उभा, आणि पंच त्याच्याकडं बोट दाखवतोय. चेंडू सुटायच्या आत रेघ ओलांडली म्हणून दंड त्यांना. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सामन्यात आणखी दोनदा ते असेच फसले.

"रणभिसे," ग्रेडी ओरडला, "ही कुठली भाषा आहे रे?"

"माझ्या आईची!"

पण खेळ त्यांचाही तगडा होता. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागं होतो. चेंडू आमच्याकडं. आणखी थोडं पुढं सरकलो तर आमचा लाथ मारणारा गडी खांबांमधून चेंडू घालवणार, तीन गुण मिळणार आणि सामना आमचा होणार. माझा हात त्या दिवशी असा चालला होता, की फेकीन तिथं चेंडू जात होता. सात वर्षं वाट बघितलेली दोन मिनिटं ती. मला ती कोणालाही द्यायची नव्हती.

मी चेंडू फेकला. तो पोचला, हे मी बघितलं. आणि त्याच वेळी ग्रेडी डाव्या बाजूनं आला. त्यानं मला उचललं आणि पाठीवर टाकलं. हेल्मेटसकट डोकं त्या टणक मातीवर आपटलं. दिवे जाऊन लगेच यावेत तसं झालं.

मी उठलो. कानात बारीक शिटी वाजत होती. असं सगळ्यांनाच व्हायचं. तेव्हा कोणी त्याचं एवढं मनावर घेत नसे. नाकाशी अमोनियाची कुपी धरायची आणि परत मैदानात. मी गड्यांना गोळा केलं, पुढची चाल सांगितली, रेघेवर आलो. टॅवी वाकला. सगळीकडं शांतता झाली. मी हाक दिली. एक, दोन, साडेमाडे, तीन. स्वच्छ आठवतं मला.

आणि टॅवीनं चेंडू सोडला नाही.

दंड झाल्यावर तो माझ्यापाशी आला. माझ्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत मारलं आणि माझी मानगूट धरून मला बाहेर घेऊन निघाला. हजारो लोकांसमोर, शाळेतल्या पोराला काढावं तसं! मी हात झटकत होतो. त्याचा हात झटकणं म्हणजे खांब हलवणं.

कोच डोनोव्हन लालबुंद झाला होता. त्यानं टाइमआउट घेऊन खेळ थांबवला. "काय चाललंय? चेंडू का सोडला नाहीस?"

टॅवी त्याला वळसा घालून संघाच्या डॉक्टरकडं गेला, वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टर व्हिटमन म्हातारा होता, भला माणूस, पण कोचला टरकून असायचा. तो माझ्यापुढं आला.

"आपण कुठल्या शहरात आहोत?"

मी सांगितलं.

"स्कोअर काय?"

"एकवीस-एकोणीस. दोननं मागं."

"मागच्या रविवारी कोणाशी खेळलो?"

तेही सांगितलं. महिने उलटे म्हणून दाखवले. हे प्रश्न काय, बाकावर बसून बसून मला पाठ झाले होते. सगळ्यांनाच असायचे. आम्ही एकमेकांना उत्तरं सांगून ठेवायचो.

"बरोबर आहेत उत्तरं," डॉक्टर कोचकडं बघून म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

"झालं तर मग!" कोच म्हणाला. "हेल्मेट दे त्याचं."

"नाही," टॅवी म्हणाला.

"लिओटा, मी तुला सांगतोय."

"तो आत आला तर मी चेंडू सोडणार नाही. दुसरा सेंटर बघा."

दुसरा सेंटर नव्हताच. तो पाय मोडून घरी बसला होता. कोचनं माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, हातातली टोपी जमिनीवर आपटली आणि हॉलंड नावाच्या कोवळ्या पोराला माझ्या जागी आत पाठवलं. त्याच वर्षी आलेला, अजून एकही सामना खेळला नव्हता.

"टॅवी," मी म्हणालो, आणि माझा आवाज रडवा झाला होता, मला लाज वाटत नाही सांगायला. "टॅवी, मी बरोबर हाक दिली. साडेमाडे म्हणालो मी. तू विसरलास! तुझी चूक माझ्या माथी मारू नकोस."

माझं हेल्मेट सामानवाल्याच्या पेटीत टाकून तो पेटीवर एक क्षण बसला, जणू ती त्याच्या बापाची. मग धावत मैदानात गेला.

हॉलंडनं काही मोठं केलं नाही. दोनदा चेंडू नुसता शेजारच्याच्या हातात दिला, थोडे यार्ड मिळाले, आणि आमच्या गड्यानं लाथ मारून तीन गुण केले. आम्ही जिंकलो. सगळे नाचत होते. मी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होतो आणि माझं डोकं संतापानं फुटायची वेळ आली होती. निदान तेव्हा मला वाटलं, संतापानं.

कपडे बदलायच्या खोलीत टॅवी शेजारी येऊन उभा राहिला. "उद्या सकाळी आईकडं येतो," एवढंच म्हणाला.

"येऊ नकोस," मी म्हणालो. "आयुष्यात येऊ नकोस."

आई माझा सामना कधी चालू असताना बघायची नाही. व्हिडिओ कॅसेट लावून टेप करायची, आणि मी घरी आलो, जेवलो, की मग बघायची. "तू उंबऱ्याच्या आत आलास की मग मला कसली भीती?" म्हणायची. त्या दिवशी मात्र मी दारात पाय ठेवताच तिनं दिव्याखाली बसवून बॅटरीनं माझे डोळे बघितले. काय झालं ते विचारलं नाही. टॅवीनं फोन केला होता हे मला नंतर कळलं. कॅसेटला तिनं हात लावला नाही. रात्री एकदा-दोनदा उठवून माझं नाव तेवढं विचारलं.

सोमवारी सकाळी कोचचा फोन आला.

"कसा आहेस?"

"झकास."

"बुधवारी डॉक्टर बघेल. पास होशील. शनिवारी बाद फेरी. हॉलंड पोरगं आहे, त्याच्या जिवावर मी जाणार नाही. शनिवार तुझा, दानियल."

माझ्या अंगावर काटा आला. "आणि लिओटा?"

"त्याला मी बघतो."

फोन ठेवला आणि मी आईला कडकडून मिठी मारली. "आई! शनिवारी मीच! टॅवीनं एवढं करून सुद्धा मीच!" तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत राहिला.

तेवढ्यात टॅवी दारात उभा. एवढा मोठा माणूस, पण बूट काढून पाय चोरत आत आला. मी तोंड फिरवलं.

"तविता," आईनं विचारलं, "त्यानं काय शब्द म्हटला?"

टॅवीनं माझ्याकडं बघितलं. मग सावकाश, एकेक अक्षर जपून म्हणाला, "चप्पल."

आई खुर्चीवर बसली.

"काय चप्पल?" मी उसळलो. "काय नाटक लावलंय दोघांनी? मी हाक दिली. चार शब्द!"

"मीच त्याला सांगितलं होतं, दानू," आई म्हणाली. "गुरुवारी. तू कचरा टाकायला गेला होतास तेव्हा. म्हटलं, मैदानात हा मराठीत चारच शब्द बोलणार. तोंडातनं पाचवा मराठी शब्द आला, कुठलाबी येवो, तर समज की डोक्याला लागलंय. त्याला बाहेर काढ. कोण काय म्हणंल ते म्हणू दे."

चार बोटं आणि एक अंगठा. मला खिडकीतलं सगळं आठवलं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "लाव ती कॅसेट."

"दानू, राहू दे."

"लाव म्हणतो ना!"

मीच लावली. शेवटची दोन मिनिटं. ग्रेडीचा धक्का बघताना आईनं डोळे मिटले. मग रेघेवरचा मी. शांत स्टेडियममध्ये मैदानाकाठचे माइक सगळं टिपायचे, आणि माझा आवाज टीव्हीतून स्वच्छ आला.

"एक... दोन..."

मग गप्प. मग पुन्हा माझाच आवाज, पण माझा नव्हे. बारीक, चिरका, मिरजेच्या बोळातला.

"थांबा की रं! माझी चप्पल तुटली... ए, थांबा की... आई, माझी चप्पल कुठंय?"

समालोचक हसत होते. "ऐका, ऐका! आज दिवसभर हा असाच बोलतोय. कोणाला कळत नाही, हीच तर गंमत आहे!" दुसरा म्हणाला, "गुप्त भाषा! वा, काय डोकं आहे!"

मी कॅसेट मागं घेतली. परत ऐकली. परत मागं घेतली. प्रत्येक वेळी मला वाटे, आता मी साडेमाडे म्हणेन. मला आठवत होतं ना! अजूनही ते माझ्या कानात स्वच्छ वाजत होतं. पण टीव्हीतला माणूस प्रत्येक वेळी चप्पलच मागत होता. शेवटी टॅवीनं पुढं होऊन टीव्ही बंद केला.

"तू तिसरीत होतास," आई हळू आवाजात म्हणाली. "शर्यत लावायचास बोळात. चप्पल तुटली की असाच भोकाड पसरायचास. मी पिन लावून द्यायची."

मला भीती वाटली. ग्रेडी अंगावर येताना कधी वाटली नव्हती अशी. पण माणूस किती नाठाळ असतो बघा. दहा मिनिटांत मी पुन्हा मूळपदावर आलो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "लागलं होतं. कबूल. पण ते काल. आज मी ठणठणीत आहे. बुधवारी डॉक्टर बघेलच. शनिवारी मी खेळणार. सात वर्षं, आई! सात वर्षं मी टोपी घालून उभा राहिलोय."

मला वाटलं ती रडेल, शपथ घालेल. तिनं तसलं काही केलं नाही. "तुझा खेळ हाय," म्हणाली. "मी कोण नको म्हणणार?" आणि उठून गॅसपाशी गेली.

"टॅवी? चेंडू सोडशील ना शनिवारी?"

त्यानं थोडा विचार केला. "चार शब्द आले तर सोडीन. मित्र आहेस तू माझा," तो म्हणाला. "पण रोज तुझ्या तोंडाकडं कान लावून जगायचं म्हणजे अवघड आहे रे."

मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. मन हलकं झालं होतं. राग गेला होता, शनिवार शाबूत होता. तो निघाला. बाहेर बर्फ पडून गेलं होतं, त्याच्या गाडीपर्यंत सोडायला जावं म्हणून मी दारापाशी गेलो. चपलांच्या फळीवर बघितलं, खाली वाकून बघितलं, सोफ्याखाली हात घातला.

"आई, माझी चप्पल कुठंय गं?"

मी वैतागून वळलो. आई हातात उलथनं घेऊन तशीच उभी होती. टॅवीला मराठी येत नव्हतं, पण तो एक शब्द आता त्याला येत होता. तो दारात थांबला होता आणि माझ्या पायांकडं बघत होता.

"दानू," आई म्हणाली, "पायात हाय, बाळा."

मी खाली बघितलं. निळ्या पट्ट्यांची चप्पल, माझीच, दोन्ही पायांत.

मी म्हणू शकलो असतो की होतं असं, माणूस चष्मा डोळ्यावर ठेवून शोधतो. त्या दोघांनी मान डोलावली असती. पण मला स्वतःलाच आता सांगता येत नव्हतं की हे साधं विसरणं आहे की कालचंच पुढं चालू आहे. उंबऱ्यावर बसलो आणि टॅवीला म्हटलं, "फोन दे."

कोचनं लगेच उचलला. मी म्हणालो, "मी शनिवारी येत नाही. नंतरही नाही. संपलं माझं."

तो बराच वेळ ओरडत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरा, नीट विचार कर. अशी संधी परत येणार नाही. कोणी सांगितलं तुला हे? आईनं? लिओटानं?"

"मीच सांगितलं, कोच," मी म्हणालो. "माझ्याच तोंडानं."

तो पुढं काय बोलला ते मी ऐकलं नाही. आई माझ्यापुढं खाली बसली होती. तिनं माझ्या एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली, आणि दोन्ही नीट जोडून दाराशी ठेवल्या.